शांत माणसांची फाउंड्री

फाउंड्रीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. घरात मी मीठ मागितलं तरी शेजारच्यांना वाटतं भांडण लागलं. मागं दवाखान्यात नंबर कुठं लावायचा एवढंच विचारलं, तर तिथली पोरगी म्हणाली, "काका, चिडू नका ना." मी चिडलो नव्हतो. चिडलो असतो तर तिला बोलायला सवडच मिळाली नसती.

फाउंड्री न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. भंगार आणि कच्चं लोखंड भट्टीत घालायचं, वितळवायचं आणि वाळूच्या साच्यात ओतायचं. गार झालं की साचा फोडायचा, आतून वस्तू निघते, ती घासायची आणि गाडीत भरायची. ऐकायला इडलीइतकं सोपं आहे. फरक एवढाच, की इडलीचं पीठ सांडलं तर पुसून घेता येतं. तुमच्या मोटारीत, ट्रॅक्टरमध्ये, शेतातल्या पंपात आम्हा कोल्हापूरकरांचा एखादा तुकडा असतोच. तो आत असतो, त्याला रंग दिलेला असतो आणि त्याच्यावर नाव दुसऱ्याचं असतं, म्हणून तुम्हाला आम्ही ठाऊक नाही. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या शेडमध्ये पंखे, हवेचे पाइप, घासायची मशिनं आणि साचे फोडायचा धडधडाट अशा आवाजात माणूस बोलणार तो ओरडूनच बोलणार.

मी शौकत मुल्ला. साचे घालणारा म्हणून लागलो, फोरमन म्हणून सुटलो. मधल्या वर्षांचा पाढा वाचत नाही. संपादकांनी 'उद्योगातलं नेतृत्व' या विषयावर अनुभव मागितलाय. नेतृत्व मी कधी केलं नाही, पण जवळून बघितलं. त्यातल्या एका वर्षाबद्दल लिहितो, कारण त्या वर्षी आमची फाउंड्री शांत झाली होती.

आधी सदाबद्दल सांगायला पाहिजे. सदा खोत आमचा मेल्टर, म्हणजे भट्टीचा कर्ता माणूस. शिरोळकडचा, उंच, भुवया कायमच्या जळालेल्या. वितळलेल्या लोखंडाला आम्ही रस म्हणतो. त्या रसाचा रंग बघून सदा उष्णता सांगायचा, आणि त्याचा आकडा मशिनच्या आकड्याशी जुळला नाही तर आम्ही मशिन दुरुस्तीला पाठवायचो. तोंड म्हणाल तर गावठी बंदूक. माझ्याशी त्याचं बोलणं "ए मुल्ला" असं सुरू व्हायचं, आणि पुढं जे असायचं ते दिवाळी अंकात छापता येत नाही. मीही त्याला तसंच उत्तर द्यायचो. अठ्ठावीस वर्षं आम्ही एका डब्यातलं खाल्लं.

थोरले मालक, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, ते तर आम्हा दोघांचेही गुरू. आण्णांनी सदाला माझ्यासमोर निदान पंधरा वेळा कामावरून काढला. "चालता हो! परत तोंड दाखवू नकोस!" सदा टॉवेल झटकून चालता व्हायचा. दुसऱ्या दिवशी सदा गेटवर हजर आणि आण्णाही गेटवर हजर. "आट वाजलं की रे! भट्टी काय तुजा बा लावनार?" झाली पुन्हा नेमणूक. ना कागद, ना सही.

आण्णा गेले आणि कारखाना त्यांच्या मुलाकडं, अभयदादांकडं आला. माणूस चांगला. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं ते विसरायला होईल. दादांनी प्रत्येकाला पायात चांगले बूट दिले, बायकांसाठी संडास बांधला, प्यायला थंड पाणी आणलं. आण्णांना ही तिन्ही कामं तीस वर्षांत सुचली नव्हती. पण बाहेर शिकून आलेला पोरगा, नातेवाइकांचे टोमणे, गिऱ्हाइकांचे फोन, वरून आमच्यासारखी बापाच्या वयाची माणसं. सदा वैतागलेला असायचा. (सदा म्हणजे नेहमी, खोत नव्हे. खोत तर असायचाच.) अशात ते पन्हाळ्यावर तीन दिवसांच्या एका शिबिराला गेले. जाताना दोन फोन दोन कानांना लावून गेले. आले ते हात मागं बांधून, एक-एक पाऊल टाकत, हळूच हसत. आमच्या वॉचमनला वाटलं, दादांची पाठ धरली.

शिबिर होतं स्टोइक तत्त्वज्ञानाचं. धंद्यात मन शांत कसं ठेवावं आणि माणसं कशी चालवावीत, ह्याबद्दल. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना शेडमध्ये उभं करून दादांनी ते आम्हाला समजावलं. दोन हजार वर्षांमागं रोममध्ये म्हणे काही शहाणी माणसं होती. त्यांत एक राजा होता, एक गुलाम होता, आणि दोघांचं सांगणं एकच. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही हाताबाहेरच्या. हाताबाहेरच्या गोष्टींचा त्रास करून घ्यायचा नाही. हातात काय? आपलं मन, आपलं वागणं, आपला राग.

सदानं मागनं विचारलं, "दादा, राजा बी आसंच म्हनायचा आन गुलाम बी?"

"हो. तेच तर त्यातलं मोठेपण."

"मग सगळं एकच म्हनत हुते तर गुलामाला सोडला का न्हाय?"

दादा पूर्वी असते तर लाल झाले असते. ते हसले. "सदाभाऊ, तो प्रश्न वेगळा आहे."

"गुलामाला इचारा की, येगळा हाय का त्ये."

शेड हसली. दादाही हसले. मला त्या दिवशी खरंच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग फळा आला. पांढरा, मोठा, मधे रेघ. डाव्या बाजूला 'हातातलं', उजव्या बाजूला 'हाताबाहेरचं'. रोज सकाळी अडचणी सांगायच्या आणि त्या योग्य बाजूला लिहायच्या. लिहायचं काम माझ्याकडं, कारण माझं अक्षर बरं. पहिल्या आठवड्यात डावी बाजू जवळपास कोरी राहिली आणि उजव्या बाजूला जागा पुरेना. माणूस जात लई हुशार. उशीर झाला? एसटी हाताबाहेर. साचा फुटला? वाळू हाताबाहेर. पंधरा दिवसांत अख्खी फाउंड्री तत्त्वज्ञ झाली, आणि परत येणारा माल वाढला.

त्याच दिवसांत पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर आला. पंपाचा एक भाग हातात घेऊन त्यानं आतली भोकं दाखवली. अशी भोकं कशानं पडतात ते सांगतो. वस्तू आतून पोकळ राहावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात. तो ओलसर राहिला की रस पडताच वाफ होते आणि लोखंडाला भोकं पडतात. गाभ्याचा विभाग सुशीलाबाईंकडं होता. इन्स्पेक्टरनं त्यांनाच विचारलं, "ही भोकं कशी आली?"

सुशीलाबाई पदर सावरून म्हणाल्या, "सायेब, पाऊस हाय. हवा दमट हाय. त्ये आमच्या हाताबाहेर हाय."

"आणि गाभे भट्टीत वाळवणं?"

"त्ये हातातलं हाय," सुशीलाबाई प्रामाणिक बाई, "पन त्ये फळ्यावर लिवायचं ऱ्हायलंय."

इन्स्पेक्टरनं दादांकडं बघितलं. दादा शांत. इन्स्पेक्टर पुण्याचा असूनही त्यानं जी भाषा वापरली ती ऐकून सदा माझ्या कानात म्हणाला, "आपलाच मानूस दिसतोय, पावनं कुठलं म्हनं?" सगळी गाडी माघारी आली. दादांनी संध्याकाळी आम्हाला सांगितलं, की गाडी परत येणं हाताबाहेरचं होतं, पण आपण शांत राहिलो हे महत्त्वाचं.

पुढं सकाळचं मौन सुरू झालं. साडेसातला सगळ्यांनी शेडमध्ये गोल उभं राहायचं, दहा मिनिटं डोळे मिटायचे. त्यानंतर 'वाईटाची उजळणी'. म्हणजे आज काय-काय वाईट होऊ शकतं ते एकेकानं बोलून दाखवायचं, म्हणजे ते घडलं तर धक्का बसत नाही. आता भट्टी लावताना आम्ही नारळ फोडणारी, उदबत्ती लावणारी माणसं. मीसुद्धा बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय पहिला साचा भरला नाही. भट्टीसमोर अभद्र बोलायचं म्हणजे काय? पहिल्या दिवशी कुणी तोंडच उघडेना. शेवटी सुशीलाबाई म्हणाल्या, "आज माजी सासू येनार हाय." दादांनी गंभीरपणे मला खूण केली आणि मी ते हाताबाहेरच्यात लिहिलं.

सदाची पाळी आली तर तो म्हणाला, "मी न्हाय बोलनार. वाईट मी रोज चिंततोय, दादा, पन मनात. म्हनून तर खड्डा कोरडा ठेवतो."

खड्डा म्हणजे भट्टीसमोर जमिनीत केलेला मोठा हौद. काही बिघडलं तर भट्टी आडवी करून सगळा रस त्यात ओतून द्यायचा. त्यात थेंबभर पाणी असलं तर उकळता रस तोफेसारखा उडतो. म्हणून पावसाळ्यात सदा रोज सकाळी स्वतः खड्ड्यात उतरून कोरडी वाळू पसरायचा. मौनात तो कधीच नसायचा. खड्ड्यात असायचा. दादांना वाटायचं, हा विरोध आहे.

मी मात्र मौनात असायचो, पहिल्या रांगेत. मला आवडलं ते. रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस मी, सतत जीव टांगणीला. कोणीतरी सांगितलं की बाबा सगळं तुझ्या हातात नाही, तर केवढं ओझं उतरतं! दादा चारचौघांत म्हणायचे, "शौकतभाईंकडं बघा." मी फुगायचो.

पण त्या मौनापायी माझं सकाळचं एक काम राहायला लागलं, आणि ह्या लेखाचं सगळं मूळ तिथं आहे. आमची भट्टी विजेची. तिच्या अंगाभोवती तांब्याची नळी गुंडाळलेली असते आणि तीतून सारखं थंड पाणी फिरतं. ते पाणी थांबलं तर नळी जळते, भट्टीला भोक पडतं आणि रस पाण्याला भेटतो. मग शेडही राहत नाही आणि शेडमधली माणसंही. म्हणून वीज गेली तर पाणी चालू राहावं, यासाठी उंचावर एक टाकी असते. पूर्ण भरलेली टाकी पाऊण तास पुरते. शिडी चढून, काठी बुडवून, पाणी बघून वहीत सही करायचं काम फोरमनचं. वेळ साडेसात. आणि साडेसातला तर मौन! पहिल्या दिवशी मी नंतर चढलो. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. मग मी खालूनच सही करायला लागलो. रोज एकदा ठरल्या वेळी मोटार लागून टाकी आपोआप भरते, एवढ्या वर्षांत कधी रिकामी सापडली नव्हती. अकरा दिवस मी न चढता सही केली, आणि मन अगदी शांत होतं.

त्या अकराव्या दिवशीच दादांनी शिबिरातल्या सात उद्योजकांना फाउंड्री बघायला बोलावलं. पांढरे शर्ट, पांढऱ्या टोप्या. बाहेर मुसळधार पाऊस. भट्टीतून रस निघताना नीट दिसावा म्हणून दादांनी त्यांना खड्ड्याच्या कडेला उभं केलं. सदा म्हणाला, "तिथं नगो, दादा." दादा म्हणाले, "पाचच मिनिटं." अकरा वाजायला आले होते, भट्टी काठोकाठ भरलेली होती आणि वीज गेली.

वीज जाणं आम्हाला नवं नाही. जनरेटर लागतो आणि पंप सुरू होतो. त्या दिवशी जनरेटर सेल्फच घेईना. दोनदा, चारदा. खर्र खर्र करून गप. भट्टी आता टाकीच्या पाण्यावर. शेडमध्ये अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पत्र्यावरचा पाऊस तेवढा वाजत होता.

सगळे दादांकडं बघायला लागले. दादा पाहुण्यांकडं वळले, आणि मला त्यांचा चेहरा अजून दिसतो. त्यांना खरंच आनंद झाला होता. जे शिकलो ते दाखवायची वेळ आली, असा. "घाबरायचं कारण नाही," ते म्हणाले. "सगळ्यांनी इथं या. एक दीर्घ श्वास घ्या. आता बघू, काय आपल्या हातात आहे आणि काय नाही. शौकतभाई, फळा."

आणि मी फळा आणायला गेलो. खोटं वाटेल, पण गेलो. फळा घेऊन आलो, पेनाचं टोपण काढलं. दादा म्हणाले, "वीज: हाताबाहेर." मी लिहिलं. "जनरेटर: हातात." मी लिहिलं. "टाकी पाऊण तास पुरते, म्हणजे वेळ: हातात." तेही लिहिलं. दहा मिनिटं झाली असतील. सदा भट्टीमागं वाकून काहीतरी बघत होता. तो एकदम उठला आणि ओरडला. जे ओरडला त्यातले छापण्याजोगे शब्द दोनच, 'सरका' आणि 'तिथनं'. बाकीच्यांत दादांची आई होती, दादांचे गुरू होते आणि रोमचा राजाही होता. पाहुणे जागचे हलेनात. एवढ्या मोठ्या माणसांना असं कुणी बोललेलं नसतं, त्यामुळं ते आपल्यालाच आहे हे त्यांना कळेना. सदा धावत आला आणि त्यानं दादांना खांद्याला धरून कडेवरून असं मागं ढकललं, की ते वाळूच्या ढिगावर जाऊन बसले. पाहुणे पळाले. "पंप मारा रं!" सदा ओरडला. भट्टी आडवी करायला हातानं मारायचा एक पंप असतो, तो चौघांनी मारला. सदा तोंडाशी उभा. भट्टी कुरकुरत वाकली आणि सगळा रस खड्ड्यात गेला. खड्डा कोरडा होता. एक ठिणगी उडाली नाही.

मी घड्याळ बघितलं. भट्टी रिकामी झाल्यावर चार मिनिटांनी वीज आली.

पाहुणे छत्र्या घेऊन गाड्यांत बसले. दादा शर्टाची वाळू झटकत होते. मी शेडमागं गेलो आणि टाकीची शिडी चढलो. का चढलो? पायांनीच नेलं. झाकण सरकवलं. तळाला चार बोटं पाणी होतं. खालचा व्हॉल्व्ह गळत होता, कधीपासून ते अल्ला जाणे. भट्टी रिकामी होताच टाकीचं पाणी बंद केलं होतं, म्हणून तेवढं तरी उरलं. चार बोटं म्हणजे दोन-तीन मिनिटं. सदानं वाट बघितली असती तर वीज यायच्या आधी पाणी संपलं असतं, आणि कडेला सात पाहुणे, दादा आणि फळा धरलेला मी, सगळे उभेच होतो.  मी बघत असतानाच ठरल्या वेळी खालची मोटार सुरू झाली आणि पाणी वर चढायला लागलं. अर्ध्या तासात टाकी भरली. आता तिच्यात काही दिसणार नव्हतं. मला रिटायर व्हायला नऊ महिने होते.

दुसऱ्या दिवशी दादांच्या केबिनमध्ये चौकशी. दादा, मी आणि सदा, तिघंच. आण्णा असते तर आदल्या दिवशीच आरडाओरडा होऊन, सदाला काढून, सकाळी परत घेऊन झालं असतं. दादांनी आधी सदाला पाणी दिलं. मग म्हणाले, "सदाभाऊ, मला राग आलेला नाही. मला फक्त समजून घ्यायचंय. वीज चार मिनिटांत आली. तुम्ही थांबला असता तर एवढा माल वाया गेला नसता. पाहुण्यांसमोर शिवीगाळ झाली नसती. माझ्या अंगाला हात लागला नसता."

सदा म्हणाला, "ईज कवा येनार त्ये मला काय सपान पडल्तं?"

हे बरोबर होतं. दादांनाही ते बरोबर वाटलं असावं. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "शौकतभाई, टाकीत पाणी किती होतं?"

साधा प्रश्न. त्याचं उत्तर तीन शब्दांचं होतं. त्या तीन शब्दांनी सदा वाचला असता आणि मी गेलो असतो. अकरा खोट्या सह्या वहीत होत्या. मी सदाकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मी दीर्घ श्वास घेतला, शिकलो होतो तसा, आणि म्हणालो, "टाकी पाऊण तास चालते, दादा."

यात खोटा शब्द एकही नाही. म्हणूनच तो एवढा सहज तोंडातून बाहेर पडला.

दादांनी मान हलवली. "सदाभाऊ, तुम्हाला काही सांगायचंय?"

"न्हाय."

दादांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. राजीनामा. अतिशय सभ्य भाषेत. मग उठून उभे राहिले, हात पुढं केला आणि म्हणाले, "मनापासून सांगतो, तुमच्याबद्दल माझ्या मनात कसलीही कटुता नाही. खरंच काही नाही."

सदानं सही केली. पेन ठेवलं. म्हणाला, "काईच न्हाय? दादा, कुत्र्याला हाकलताना बी मानूस हाड म्हंतोय."

आणि गेला. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी गेटवर जाऊन उभा राहिलो. सवयीनं. तो आला नाही, आणि त्याला हाक मारायला गेटवर कुणी नव्हतं. रागानं काढलेला माणूस राग उतरला की परत येतो. शांतपणे काढलेल्यानं कशाच्या उतरण्याची वाट बघायची?

नवा मेल्टर शांत होता. त्याच्या हाताखाली भट्टीचं आतलं अस्तर महिन्यात तीनदा गेलं, पण तो कधी चिडला नाही. नऊ महिन्यांनी माझा निरोप समारंभ झाला. दादांनी शाल दिली आणि काचेचं एक मानचिन्ह, त्यावर लिहिलेलं 'स्थिरचित्त'. भाषणात म्हणाले, संकटातही न डगमगता फळा आणणारा माणूस मी शौकतभाईंमध्ये पाहिला. टाळ्या झाल्या. मी घरी आणून ते कपाटावर ठेवलं. घरात बायकोनं विचारलं, कशाबद्दल दिलं? म्हटलं, शांत राहिल्याबद्दल. ती म्हणाली, "गप बसल्याबद्दल बक्षीस द्यायला लागले व्हय? मग मला चाळीस मिळायला पाहिजेत."

तिला मी तोवर काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "मला कशाला सांगताय? सदाभाऊजींना सांगा."

चार दिवसांनी मी एसटीनं शिरोळला उतरून सदाच्या गावी गेलो. वाटेत कळलं, सदा हल्ली एका छोट्या फाउंड्रीत रोजंदारीवर आहे. जुनी कोळशाची भट्टी, आणि हा तिच्यात फावड्यानं कोळसा टाकतो. ज्या माणसाच्या डोळ्यावर आम्ही मशिन दुरुस्तीला पाठवायचो, तो माणूस कोळसा ओढत होता. मला एसटीनं तसंच माघारी फिरावंसं वाटलं.

गेलो तेव्हा तो गोठ्यात म्हशीची धार काढत होता. मला बघून म्हणाला, "ये. बस. धार झाली की च्या घिऊ." मी पोत्यावर बसलो. त्याची पाठ माझ्याकडं होती, त्यामुळं मला बोलायला जमलं. सगळं बोललो. मौन, अकरा सह्या, शिडी, चार बोटं पाणी, केबिन. बोलताना माझा आवाज कधी नव्हे तो एवढा बारीक झाला, की मलाच ऐकू येईना. मी रडलो. साठ वर्षांचा माणूस गोठ्यात बसून रडलो, त्याची लाज वाटत नाही.

सदाची धार थांबली नाही. चरवीत दूध पडत राहिलं. मग तो तसाच, मागं न बघता म्हणाला, "मला म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"टाकी. भट्टीमागं वाकून नळीवर हात ठिवल्ता न्हवं मी. पानी बारीक व्हत चालल्तं. म्हनून तर वरडलो."

मी म्हटलं, "मग केबिनमध्ये बोलला का न्हाईस? एवढं सांगितलं असतंस तर नोकरी वाचली असती तुझी."

सदानं चरवी उचलली, बाजूला ठेवली, म्हशीच्या पाठीवर थाप मारली. मग पहिल्यांदा माझ्याकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मी त्याचे पाय धरले असते. राग नव्हता.

"इचारलं तुला हुतं, शौकत," तो म्हणाला. "मी वाट बगत हुतो."

चहा आला. आम्ही घेतला. पावसाचं, उसाचं बोललो. एसटीपर्यंत तो मला सोडायला आला.

या गोष्टीला वर्ष होत आलं. परवा अभयदादांचा फोन होता, नव्या पोरांसमोर संयमावर दोन शब्द बोलायला या म्हणून. मी म्हटलं, आधी दिवाळी अंकात लिहितोय ते वाचा, मग बोलावायचं का ते ठरवा. दादा, तुम्ही मला विचारलं होतं, टाकीत पाणी किती होतं. चार बोटं होतं. वर चढून बघायचं काम माझं होतं, आणि सदानं आपल्या सगळ्यांचा जीव वाचवला.